पास वसूल व्हावा म्हणून प्रवास?

सांगलीच्या विश्रामबाग भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांचे वय ६१, यजमानांचे ६४. येत्या सप्टेंबरात दोघे प्रथमच परदेशी जाणार आहेत. सहल कंपनीबरोबर न जाता सर्व आखणी स्वतः करायची, असे त्यांनी ठरवले आहे. झुरिकला उतरून आठ दिवस स्वित्झर्लंड, मग दोन दिवस पॅरिस आणि तेथूनच परत, असा बेत आहे. ल्युसर्न आणि इंटरलाकेन अशा दोन ठिकाणी मुक्काम ठरला आहे. गाडे अडले आहे ते रेल्वेच्या पासावर. प्रवास एजंट आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे त्या मुदतीत देशभर हवा तितका प्रवास करू देणारा पास, घ्या म्हणतो. पुण्याचा भाचा निम्म्या दराने तिकीट मिळवून देणाऱ्या हाफ फेअर कार्डाचा आग्रह धरतो. शेजारचे गृहस्थ काही वर्षांपूर्वी अनेक देशांत चालणाऱ्या युरेल पासावर युरोप फिरून आले असल्यामुळे त्याखेरीज दुसरे काही घेऊच नका, असे बजावतात. यजमानांनी मात्र आठ दिवसांचा पास गृहीत धरून वेळापत्रकही तयार केले आहे: एक दिवस लुगानो, एक दिवस झरमॅट, एक दिवस जिनिव्हा. “रोज चार तास तरी गाडीत बसलो नाही, तर पास वसूल कसा होणार?” हा त्यांचा प्रश्न आहे. पत्रलेखिकेचे गुडघे दुखतात आणि त्यांना तळ्याकाठी बसायचे आहे. “कोणता पास घ्यावा ते एका वाक्यात सांगा,” अशी त्यांची विनंती आहे.

सप्रेम नमस्कार.

एका वाक्यातले उत्तर असे: तुमच्या मनातल्या प्रवासाला हाफ फेअर कार्ड पुरेसे आहे, यजमानांनी कागदावर मांडलेल्या प्रवासाला बहुधा आठ दिवसांचा पास परवडेल, आणि शेजाऱ्यांच्या युरेल पासाला या दोन्हींत जागा नाही. पण या उत्तराने तुमचा घरातला वाद मिटणार नाही, उलट पेटण्याचीच शक्यता आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुमच्या घरात पासांची तुलना चालली आहे असे पत्रावरून प्रथम वाटते. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात येते की तुमच्यापुढे दोन निरनिराळे प्रवास आहेत आणि त्यांतला कोणता करायचा, हेच अजून ठरलेले नाही. ते ठरण्याआधी पास निवडायला बसणे म्हणजे पाहुणे किती येणार हे न विचारता आचाऱ्याला शिधा किती लागेल ते विचारणे होय.

यजमानांच्या त्या ‘वसूल’ शब्दापासून सुरुवात करू. आपल्याकडे एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि त्या मुदतीत हव्या त्या गाडीने हवे तिकडे जायचे. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी सात दिवसांचा पास काढला आणि तुळजापूर, अक्कलकोट, शिर्डी, त्र्यंबकेश्वर असे करत, शक्य तितक्या रात्री बसमध्ये काढून, आठवड्याने ते मिरजेला उतरले. पास वसूल झाला का, असे विचारले तेव्हा त्यांनी अभिमानाने तिकिटांची बेरीज सांगितली. देवदर्शनाबद्दल विचारले तेव्हा मात्र कोणत्या बसस्थानकावरचा चहा बरा होता, हेच त्यांना नीट आठवत होते. मीही यातून सुटलेलो नाही. एकदा परदेशात पासाचा शेवटचा दिवस वाया जाऊ नये म्हणून सकाळी उठून एका लांबच्या गावाला गेलो, तेथे धो धो पाऊस होता, स्थानकाच्या छताखाली तासभर उभा राहिलो आणि परत आलो. त्या दिवशी मी नक्की काय वाचवले, हे मला आजतागायत सांगता आलेले नाही.

पासाचे पैसे तो घेतला त्या क्षणीच खर्च झालेले असतात; नंतर कितीही गाड्या बदलल्या तरी ते परत येत नाहीत. म्हणून पास ‘वसूल’ होतो की नाही, हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारायचा आणि घेतल्यानंतर विसरून जायचा. यजमानांनी हा क्रम उलटा केला आहे. त्यांनी पास आधी मनात घेतला आणि मग त्याला शोभेल असा प्रवास रचला.

आता आकड्यांकडे वळू. २०२५ च्या दरपत्रकानुसार दुसऱ्या वर्गाचा स्विस ट्रॅव्हल पास तीन दिवसांसाठी २४४ फ्रँक, चार दिवसांसाठी २९५, सहा दिवसांसाठी ३७९, आठ दिवसांसाठी ४१९ आणि पंधरा दिवसांसाठी ४५९ फ्रँक असा होता. हे दिवस सलग मोजले जातात. महिनाभरात सुटे दिवस निवडण्याची सोय असलेला ‘फ्लेक्स’ प्रकारही आहे, पण तो महाग आहे. हाफ फेअर कार्ड २०२४ मध्ये १२० फ्रँकांना मिळत होते, २०२५ पासून ते १५० फ्रँकांचे झाले. ते महिनाभर चालते आणि देशातील जवळजवळ सर्व रेल्वे, बस, बोटी व बहुतेक पर्वतीय गाड्यांचे तिकीट निम्म्या दराने मिळवून देते. दर बदलत राहतात, म्हणून ज्या दिवशी खरेदी कराल त्या दिवशीचे आकडे घालून खालचा हिशेब पुन्हा करावा. रीत तीच राहील.

या दरांच्या पायऱ्या जरा निरखून पाहा. सहा दिवसांवरून आठ दिवसांवर जायला अवघे ४० फ्रँक जास्त पडतात आणि आठांवरून पंधरावर जायलाही ४०च. एजंट तुम्हाला ‘दिवसाला किती पडते’ हा भाव सांगतो तो याच कारणाने, कारण तो भाव मुदतीबरोबर झपाट्याने उतरत जातो. परंतु दिवसाचा भाव हे माप खोटे आहे. ज्या दिवशी तुम्ही ल्युसर्नच्या लाकडी पुलावरून चालत जाऊन तळ्याकाठी बसणार आहात, त्या दिवशी तुम्हाला गाडीच नको आहे. मग तो दिवस ५२ फ्रँकांना पडला काय आणि ३० फ्रँकांना पडला काय, तो फुकटच असायला हवा होता.

खरे माप वेगळे आहे. आठ दिवसांचा पास ४१९, कार्ड १५०. दोन्हींतला फरक २६९ फ्रँकांचा. कार्डावर निम्मे तिकीट पडते, म्हणजे आठ दिवसांतल्या तुमच्या प्रवासाचे पूर्ण तिकीट ५३८ फ्रँकांच्या वर जात असेल तरच पास स्वस्त, त्याखाली कार्ड स्वस्त. हा एक आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि भाचा, एजंट, शेजारी यांपैकी कोणी पुन्हा बोलू लागले की त्यांच्यापुढे ठेवा. एक दुरुस्ती मात्र त्यात करावी लागते आणि ती युंगफ्राऊ या उंच डोंगराच्या सहलीमुळे.

स्विस ट्रॅव्हल पास घेतला म्हणजे सगळे फुकट, ही समजूत आपल्या पर्यटकांत सर्वत्र आढळते आणि तुमच्या पत्रातही ती दिसते. प्रत्यक्षात पासाची हद्द डोंगरापाशी बदलते. ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगनपर्यंत पास चालतो. तेथून वर युंगफ्राऊयोखला, म्हणजे ३४५४ मीटरवरच्या स्थानकापर्यंत जायला पासधारकाला २५ टक्के सवलत मिळते, तर कार्डधारकाला निम्मी. म्हणजे सर्वांत महागड्या टप्प्यावर स्वस्त कार्डच जास्त कामाला येते. टिटलिसवर दोघांनाही निम्मी सवलत आहे. रिगीवर उलट, पास पूर्ण चालतो आणि कार्डाला निम्मे मोजावे लागतात. असा गोंधळ का, याचे कारण मिरजेच्या माणसाला इतरांपेक्षा लवकर समजेल. मिरज जंक्शनवर एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांच्या गाड्या येत आणि रूळ बदलला की प्रवासी सामानासह दुसऱ्या गाडीत जात. इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेनपर्यंत मीटरगेज, तेथून क्लायनं शायडेगपर्यंत ८०० मिलिमीटरचे दातेरी रूळ, पुढे पुन्हा मीटरगेज अशी युंगफ्राऊची वाट आहे. तेथील डोंगरी रेल्वे बहुतांशी निरनिराळ्या कंपन्यांनी बांधल्या, युंगफ्राऊची १९१२ मध्ये वरपर्यंत पोहोचली, आणि पासधारकाला किती सवलत द्यायची हे प्रत्येक मार्गापुरते वेगळे ठरलेले आहे. म्हणूनच पास घेताना ‘कोणत्या देशात चालतो’ यापेक्षा ‘कोणत्या स्थानकापर्यंत चालतो’ हे विचारावे.

आता तुमच्या मनातला प्रवास मोजून पाहू. झुरिक विमानतळ ते ल्युसर्न, एक दिवस टिटलिसच्या पायथ्याच्या एंगेलबर्गला जाऊन येणे, एक दिवस बोटीने विट्झनाऊला आणि तेथून दातेरी गाडीने रिगीवर, मग ल्युसर्न ते इंटरलाकेन, एक दिवस ग्रिंडेलवाल्डमार्गे युंगफ्राऊ, एक दिवस वेंगन, एखादा दिवस बर्न, ब्रिएंझच्या तळ्यातली बोट आणि शेवटी पॅरिसची गाडी पकडण्यासाठी बासेलपर्यंत. टिटलिस आणि युंगफ्राऊचे वरचे टप्पे सोडून या सर्वांची पूर्ण तिकिटे ढोबळमानाने ४०० ते ४५० फ्रँकांच्या घरात जातात. कार्डावर ती २०० ते २२५ होतील. कार्डाचे १५० मिळवले तरी ४१९ च्या बरेच खाली. युंगफ्राऊच्या वरच्या टप्प्यावर आणखी सुमारे ५० फ्रँक कार्डामुळे वाचतात. दोघांचे मिळून २०० फ्रँकांच्या आसपास फरक पडतो. तेथे एका साध्या जेवणाला जे मोजावे लागते ते पाहता ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

यजमानांच्या वेळापत्रकात बर्न, वेंगन आणि ब्रिएंझ वगळून लुगानो, झरमॅट आणि जिनिव्हा आले आहेत. तिन्ही ठिकाणी जाऊन येण्याची पूर्ण तिकिटे मिळून ४०० फ्रँकांच्या आसपास होतात, त्यामुळे एकूण बेरीज ७०० कडे झुकते आणि युंगफ्राऊची दुरुस्ती केल्यावरही पास पुढे जातो. म्हणजे त्यांचे गणित चुकलेले नाही, हे त्यांना आवर्जून सांगा. फक्त त्या गणितात न लिहिलेला एक आकडा आहे. ल्युसर्नहून लुगानो सुमारे दोन तास, इंटरलाकेनहून झरमॅट दोन तासांहून थोडे अधिक, जिनिव्हा जवळजवळ तीन तास. जाऊन येऊन तीन दिवसांत मिळून चौदा तास. लुगानोच्या वाटेवर ५७ किलोमीटर लांबीचा, २०१६ मध्ये सुरू झालेला गोटहार्डचा बोगदा लागतो. अभियांत्रिकीची करामत म्हणून तो थोरच आहे, पण खिडकीतून स्वित्झर्लंड पाहायला निघालेल्या माणसाला त्या बोगद्यातून खिडकीत स्वतःचेच प्रतिबिंब दिसते.

येथे मी यजमानांची बाजूही मांडतो, कारण तुम्ही ती पत्रात नीट मांडलेली नाही. प्रत्येक वेळी तिकीट काढण्याची कटकट नको, परक्या भाषेतल्या यंत्रापुढे उभे राहायला नको, चुकीचे तिकीट निघाले तर काय, ही धास्ती खोटी नाही. स्वित्झर्लंडमध्ये फलाटावर अडवणारे दरवाजे बहुतेक ठिकाणी नसतात, त्यामुळे गाडीत सहज चढता येते. परंतु वैध तिकिटाशिवाय सापडल्यास भाड्याखेरीज पहिल्या वेळी ९० फ्रँक दंड होतो, आणि आम्ही परदेशी आहोत, आम्हाला माहीत नव्हते, ही सबब टीसीपुढे चालत नाही. कार्ड घेतले तर प्रत्येक प्रवासाचे निम्मे तिकीट गाडी सुटण्यापूर्वी काढावेच लागते. कार्ड दाखवले म्हणजे तिकीट झाले, असे नव्हे. एसटीत २०२३ च्या मार्चपासून महिलांना निम्मे तिकीट आहे, तरी वाहकाकडून ते तुम्ही घेताच ना? तसेच येथे. फरक इतकाच की ते काम तेथे स्विस रेल्वेच्या मोबाइल ॲपवर गाडीत बसण्यापूर्वी तुम्हाला करायचे आहे.

म्हणून निश्चिंतपणालाही किंमत असते आणि ती द्यायला हरकत नाही. यजमानांना ॲप हाताळणे खरोखर जड जात असेल आणि तुम्हालाही ते काम अंगावर घ्यायचे नसेल, तर दोघांचे २०० फ्रँक जास्त देऊन पास घ्या. मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. फक्त ते पैसे निश्चिंतपणासाठी दिले आहेत हे दोघांनी कबूल करावे. एकदा तसे कबूल केले की लुगानोला जाणे बंधनकारक राहत नाही. पास खिशात असताना दुपारभर तळ्याकाठी बसणाऱ्याने काही गमावलेले नसते.

तिसरी वाट भाच्यालाही बहुधा ठाऊक नसावी. तेथे ‘सेव्हर डे पास’ नावाचे एका दिवसाचे तिकीट मिळते. ते सहा महिने आधीपासून काढता येते, दुसऱ्या वर्गासाठी ५२ फ्रँकांपासून आणि हाफ फेअर कार्ड असल्यास २९ फ्रँकांपासून सुरू होते आणि तारीख जवळ येईल तसे महागत जाते. म्हणजे दोघांनी कार्ड घ्यावे, आणि यजमानांना ज्या एका लांबच्या गावी जायचेच आहे त्या दिवसापुरते हे तिकीट लवकर काढून ठेवावे. यजमानांचा सबंध आराखडासुद्धा अशा तीन तिकिटांवर कदाचित पासाहून स्वस्तात बसेल. पण हे तिकीट तारखेला बांधलेले असते आणि परत होत नाही, म्हणून ते शहरांसाठी ठीक, डोंगरांसाठी नाही. टिटलिस आणि युंगफ्राऊचा दिवस आधी कधीही ठरवू नका. सप्टेंबरात हवा बरी असते, तरी ढग उतरले तर एवढे पैसे मोजून पांढऱ्या भिंतीकडे पाहत उभे राहावे लागते. महाबळेश्वरला जुलैत ‘पॉइंट’ पाहायला गेलेल्या कोणालाही हे सांगायला नको. शिखरांवरच्या कॅमेऱ्यांची थेट दृश्ये मोबाइलवर दिसतात. सकाळी उठून ती पाहायची आणि मगच निघायचे.

तुमच्या गुडघ्यांबद्दलही एक सांगतो. युंगफ्राऊयोखची उंची महाबळेश्वरच्या सुमारे अडीचपट आहे आणि गाडी तुम्हाला तेथे काही तासांत नेऊन सोडते. तेथे विरळ हवेत बरेच चालणे होते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. युंगफ्राऊ वगळून रिगीवर समाधान मानायचे ठरवले, तर पर्वतावर चढणारी युरोपातली पहिली दातेरी रेल्वे, १८७१ ची, तुम्हाला बसल्या जागेवरून सुमारे १७५० मीटरपर्यंत नेईल. तसे ठरल्यास हिशेबातली युंगफ्राऊची दुरुस्ती निघून जाईल आणि मूळचा ५३८ चा आकडा तसाच लागू होईल.

शेजाऱ्यांच्या युरेल पासाबद्दल थोडक्यात. पाच-सहा देश महिनाभर भटकणाऱ्यासाठी तो चांगला आहे. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठीचा हा पास ३३ देशांत चालतो, ६० वर्षांवरील प्रवाशांना त्यात १० टक्के सवलत असते, आणि ही सवलत स्विस पासात नसल्यामुळे तुमच्या शेजाऱ्यांचा मुद्दा वरवर बळकट वाटतो. परंतु तुमचा प्रवास दीड देशांचा आहे. स्वित्झर्लंडमधल्या अनेक डोंगरी गाड्यांवर त्या पासाला केवळ सवलत मिळते, शहरातल्या ट्राम त्यात येत नाहीत, आणि बासेलहून पॅरिसला जाणाऱ्या वेगवान टीजीव्ही गाडीसाठी पास असूनही आसनाचे आरक्षण वेगळे पैसे देऊन करावेच लागते. फ्रान्स, इटली आणि स्पेनमधल्या वेगवान गाड्यांचा नियम असाच आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना तो लागू नाही. एका तीन तासांच्या गाडीसाठी सबंध खंडाचा पास घेण्यात अर्थ नाही. ते तिकीट काही आठवडे आधी सुटे काढा. जितके लवकर काढाल तितके स्वस्त मिळेल.

शिवाय जाऊन आलेल्यांच्या सल्ल्याला तारीख असते आणि ती आपण कधी विचारत नाही. जपानचे उदाहरण घ्या. तेथे जाणाऱ्यांना वर्षानुवर्षे एकच सल्ला मिळे: सात दिवसांचा जपान रेल पास घ्या, टोकियोहून क्योटोला जाऊन आलात की जवळजवळ सुटला. तेव्हा तो २९,६५० येनांना होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो ५०,००० येनांचा झाला. टोकियो ते क्योटो वेगवान गाडीचे आरक्षित तिकीट सुमारे १४,००० येन. जाऊन येऊन २८,०००. म्हणजे तेवढाच प्रवास करणाऱ्याने आज सुटी तिकिटे काढावीत. २०१९ मध्ये जाऊन आलेला माणूस मात्र अजूनही पूर्ण आत्मविश्वासाने पासच घ्यायला सांगतो आणि त्याच्या काळापुरता तो खराही असतो. आपल्याकडेही परदेशी प्रवाशांसाठी ‘इंडरेल’ पास होता. तो २०१७ मध्ये बंद झाला. तेव्हा शेजाऱ्यांना नम्रपणे साल विचारा.

तुमच्यासारखीच आखणी करणाऱ्या इतर वाचकांसाठी दोन-तीन गोष्टी येथेच नोंदवतो. एकाच भागात तळ ठोकून राहणाऱ्यांनी देशभराच्या पासाऐवजी प्रादेशिक पास पाहावेत. मध्य स्वित्झर्लंडच्या ‘टेल पास’मध्ये रिगी, पिलाटस आणि टिटलिस हे तिन्ही डोंगर येतात, त्यामुळे ल्युसर्नला चार-पाच दिवस राहून रोज डोंगर चढू इच्छिणाऱ्यांना तो इतर कशाहूनही फायद्याचा पडू शकतो, इंटरलाकेनच्या बाजूला ‘बर्नर ओबरलँड पास’ आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी ६ ते १५ वर्षांच्या मुलांचे मोफत फॅमिली कार्ड मिळते, पण ते आईवडिलांपैकी एक बरोबर असेल तरच. नातवंडांना घेऊन निघालेल्या आजी-आजोबांनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्यांना मुलाचे निम्मे तिकीट धरावे लागेल. ग्लेशियर एक्सप्रेस आणि बर्निना एक्सप्रेस या काचेच्या छताच्या गाड्यांना पास असला तरी आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. त्याच रुळांवरून साध्या स्थानिक गाड्याही धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही, खिडक्याही उघडता येतात, आणि डोंगर तेच दिसतात. मी स्वतः साधी गाडी घेईन. पहिल्या वर्गाचा मोह सोडावा. तेथील दुसरा वर्ग आपल्याला परका वाटण्याइतका ऐसपैस असतो.

ल्युसर्न आणि इंटरलाकेन या दोन्ही ठिकाणी हॉटेलात राहणाऱ्यांना पाहुण्यांचे कार्ड मिळते आणि त्यावर गावातल्या बस मोफत असतात. उतरल्याबरोबर ते मागून घ्या. स्थानकापासून हॉटेलपर्यंत बॅगा ओढत जाणे तुमच्या गुडघ्यांना परवडणारे नाही, आणि आमच्याकडे पास आहे, बसही त्यातच आहे, हा यजमानांचा एक मुद्दा या कार्डाने निकाली निघतो.

आता खरेदीचा क्रम. रविवारी दोघांनी समोरासमोर बसून प्रत्येकी एक अशी गोष्ट लिहावी की जिच्यासाठी हा प्रवास करायचा आहे. यजमानांच्या कागदावर झरमॅट असेल तर ते ठेवा. तेथले मॅटरहॉर्न शिखर पाहायची इच्छा ही वसुलीहून वेगळी गोष्ट आहे आणि ती मानायलाच हवी. उरलेल्या दिवसांच्या दोन रकान्यांत स्विस रेल्वेच्या संकेतस्थळावरून पूर्ण तिकिटांचे आकडे भरा, बेरीज ५३८ शी (युंगफ्राऊ ठेवली असेल तर ती दुरुस्ती करून) ताडून पाहा आणि त्याच बैठकीत निर्णय करा. पण पैसे लगेच भरू नका. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स दोन्हीकडे चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिने आधीपासून करता येतो, तुमच्या जास्त रात्री स्वित्झर्लंडमध्ये असल्यामुळे तो त्याच देशाकडे करायचा आहे, आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. व्हिसा हाती येईपर्यंत परत न होणारे कोणतेही तिकीट काढू नये. डे पास स्वस्तात सापडला तरी थांबावे.

पास असो वा कार्ड, ते दोन्हीही नावावर निघतात आणि टीसी पासपोर्ट मागू शकतो. तुमच्या पत्राखालची सही आणि पाकिटावरचे नाव यांत फरक आहे. एकात माहेरचे आडनाव आहे, दुसऱ्यात सासरचे. बहुधा बँकेतही दोन्ही चालत असतील. पासावर मात्र पासपोर्टात जे नाव ज्या क्रमाने छापले आहे तेच अक्षर न् अक्षर घाला, आणि अर्ज आठवणीतून न भरता पासपोर्ट समोर उघडून ठेवून भरा.